मागचं लेबल

सकाळी अकराला फाइल येते.
सातशे पन्नास मिलिलिटर,
इशाऱ्याची अक्षरं तीन मिलिमीटर, त्याहून बारीक चालत नाहीत,
लायसन्स नंबर, बॅच, साखर किती, गंधक किती,
आणि कोपऱ्यात एक डोंगर.
आमच्या साखर पेठेतून कुठलाच डोंगर दिसत नाही.
मी तो दोन मिलिमीटर डावीकडे सरकवतो.

द्राक्षं कुठली ते मला ठाऊक आहे.
नान्नजच्या पुढं इरण्णा बिराजदारचा मळा,
क्रेटवर लावायच्या चिठ्ठ्या तो माझ्याकडूनच छापून नेतो,
आणि शाई वाळेपर्यंत बोलत बसतो.

तो सांगतो, वेल इथं झोपतच नाही.
तिकडं थंडीच्या मुलखात बर्फ पडतो,
वेल आपोआप डोळे मिटते.
इथं झोपही कात्रीनंच द्यायची.
एप्रिलात खरड छाटणी, पारा बेचाळीसवर,
ऑक्टोबरात गोडी छाटणी.
वर्षात दोनदा कापायचं आणि पीक एकदाच घ्यायचं.
नावं बघ की, म्हणतो,
आधी खरडपट्टी काढायची, मग गोडीत घ्यायचं,
सासुरवाडीचीच रीत ही.

मुरमाड रान, खाली चुना,
मूळ जंगली वेलाचं, वरचं खोड परदेशी,
पाणी ठिबकनं, तेही मोजून.
जानेवारीत रात्री बारा अंश, दुपारी बत्तीस;
तेवढ्या अंतरात मण्यातलं आंबट कसंबसं टिकून असतं.
फेब्रुवारी सरता सरता ऊन एकदम चढतं
आणि आंबट उडून जातं, नुसतं गोड उरतं.
म्हणून तोडणी पहाटे तीनला,
बायका कपाळाला बॅटऱ्या बांधून,
इरण्णा नळीत डोळा घालून साखर वाचतो:
बावीस. साडेबावीस. थांबा. तोडा.

मग ट्रक नाशकाकडं जातो.
तिथल्या टाकीत शंभरातले एकवीस लिटर आपले.
गावाचं नाव लिहायला जो टक्का लागतो
तो आपण गाठत नाही.
एकवीस टक्के ऊन, एकवीस टक्के चुना,
लेबलवर त्याची जागा शून्य मिलिमीटर.
कायदा खोटं बोलत नाही,
विचारलं नाही तेवढं सांगत नाही.

घरी प्रूफ नेलं तर नाना खाटेवर बसून
अंगठ्यानं चाचपत राहिले.
एकतीस वर्षं माग चालवला राजेशम गड्डमनी,
चादरीच्या कोपऱ्यावरचं लेबल ते डोळे मिटून ओळखायचे,
सोलापूर हा शब्द बोटांना लागायचा.
मग बाजारात तोच शब्द शिवलेल्या चादरी आल्या,
दुसऱ्याच मुलखातल्या, दुसऱ्याच मागावरच्या,
पहिल्या धुण्यात रंग सोडणाऱ्या.
त्या वर्षी नानांचा माग थांबला.
पुढं कधीतरी चादरीला सरकारी शिक्का मिळाला,
तोवर लोखंड भंगारात गेलं होतं.

म्हणाले, “तवा आपलं नाव होतं, माल दुसऱ्याचा.
आता माल आपला, नाव दुसऱ्याचं.
मधे कधी एक दिवस तरी
दोन्ही एका जागी होतं का बे?”

मला आठवेना.
आई आतून म्हणाली, दारूच्या बाटलीवर गाव कशाला लागतं,
उगा बदनामी.

रात्री प्रेसवर परत आलो.
इशारा तीन मिलिमीटर, बरोबर.
बॅच, साखर, गंधक, बरोबर.
मागच्या लेबलची खालची कड कोरी होती,
तिथं मी एक रेघ टाकली, केसाएवढी,
चादरीच्या काठाला असते तशी
दोन लाल, एक काळी, परत दोन लाल.
पार्टीनं विचारलं, हे काय?
म्हटलं, कटिंगची खूण.
बरं, म्हणाले, राहू दे.

बारा हजार छापली.
इरण्णाला एक दाखवलं, चष्मा लावून बराच वेळ बघत होता.
मग म्हणाला, क्रेटच्या चिठ्ठ्या संपल्यात,
पाचशे अजून काढ.