बिनतेलाचा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
बावीस वर्षं मी जुन्या कॉम्प्रेसरला तेल पाजलं.
सकाळी सातला अर्धा लिटर, वर दोन शिव्या.
तो सुरू झाला की पत्र्यावरची कबुतरं उडायची,
चहावाला पोऱ्या बोटांनीच विचारायचा, किती?
आम्हीही बोटांनीच सांगायचो.

हवेसोबत तेल जायचं, डोळ्यांना न दिसणारं,
नळीतून, नोझलमधून, बाण्याच्या पाठोपाठ,
आणि पांढऱ्या टॉवेलवर उतरायचं
ज्वारीच्या दाण्याएवढं, पिवळट.
चेकिंगच्या टेबलावर लक्ष्मव्वा गुंडेटी
डागाभोवती खडूनं गोल काढायची
आणि काचेतून माझ्याकडे बघायची.
बोलायची नाही. बोलून ऐकू कुठं येणार होतं?

गेल्या पाडव्याला नवा आला. कपाटासारखा बंद.
मी सवयीनं तेल घालायचं भोक शोधलं.
कंपनीची इंजिनिअर पोरगी, बार्शीची, म्हणाली,
"काका, ह्याला तेल लागतच नाही.
फिल्टर झाडा, साचलेलं पाणी सोडा, बास."
मी कॅन धरून उभा राहिलो,
पाहुणा जेवून आलाय कळल्यावर
वाढणारी उभी राहते तसा.

पहिल्या आठवड्यात दोनदा
बंद पडला समजून पळत गेलो. चालू होता.
आता त्याच्या अंगावर पंजा ठेवतो,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

तिकडं माग बडबडतात अजून,
पण आमच्या बाजूच्या दोन खोल्यांत
घड्याळ आहे, हे मला यंदा समजलं.

घरी शर्टाला निम्माच साबण लागतो.
बायको म्हणते, "वरडू नका, मी हितंच आहे."
मला कुठं माहीत, मी ओरडतोय म्हणून.
जुना कॉम्प्रेसर भंगारात गेला,
डाव्या कानातला गेला नाही.
रात्री दोनला सुरू होतो.
त्याला तेल कुठून घालायचं, कळत नाही.

परवा दुपारी लक्ष्मव्वानं काच सरकवली.
खडू तिच्या टेबलावर, कोपरेसुद्धा न झिजलेला.
"ओ तेलवाले," म्हणाली, "नाव काय हो तुमचं?"

रेवणसिद्ध, मी सांगितलं. हळू.
तिनं कानामागं हात धरला.
परत सांगितलं.