सहा चाळीसची गाडी

उदगीर–देगलूर, हातात मशीन, खांद्याला पिशवी.
माणसं चढतात, उतरतात,
कुणी वळून बघत नाही. बघू पण नाही.

तू तर माझी लेक, कागदावर, गेल्या पोळ्यापासून.
चार वर्षांची. संस्थेत त्या महिन्यात 'त' चालू होता
म्हणून तेजल.

पहिल्या दिवशी सरळ माझ्या कडेवर आलीस
आणि मी गल्लीभर सांगत सुटले,
बगा, कसं ओळखलं लेकरानं.
दुसऱ्या दिवशी तशीच भंगारवाल्याच्या गाड्यावर.
तिसऱ्या दिवशी स्टँडात कुण्या बाईचं बोट धरून
निलंग्याच्या गाडीत.
गफूरभाईंनी हॉर्न दाबून धरला म्हणून सापडलीस.

पडलीस तर रडायची नाहीस.
गुडघ्यातून रक्त, आणि तू त्यात बोट बुडवून
फरशीवर रेघा ओढत.
कौसाबाई म्हणाल्या, गुणाचं लेकरू हाय, रडणं म्हणून नाही.
मला रात्रभर झोप नाही.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत लांबलचक लिहिलं.
मी म्हणलं, मराठीत सांगा.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
हिला लळा लागत नाही, म्हणाल्या.

लळा.
शेळीला लागतो, राघूला लागतो,
माहेरी एका मांजरीला आमच्या उखळाचा लागला होता.
तो न लागण्याला आजार म्हणतात,
हे नव्हतं ठाऊक.

तीन पाळ्यांत मावश्या बदलत गेल्या, त्या म्हणाल्या,
आज रडल्यावर जे हात आले
ते उद्या नव्हते.
मी कंडक्टर आहे, मला हा हिशोब कळतो.
सुट्टे नसले की आम्ही तिकिटामागं लिहून देतो,
उतरताना घ्या.
तुझ्या तिकिटामागं किती जणांनी लिहिलं असंल,
आणि उतरताना दारात कुणीच नव्हतं.

औषध काय, तर रोज तेच.
तीच वाटी, तेच येसर,
भाकरीचा काठ मोडून तसाच बुडवायचा.
यायची वेळ सांगायची आणि पाळायची.
डेपोत हात जोडून मुक्कामाची ड्यूटी सोडली.
येते गं. सहा चाळीसला.
तू भिंतीकडं बघत.

चावलीस. मनगटावर अजून दात आहेत.
खाकी ब्लाऊजची बाही कात्रीनं कापलीस.
एका रात्री संस्थेचा नंबर काढला मी,
दोनदा. नाही कसं म्हणू.

वासरू मेलं की आमच्याकडं कातड्यात पेंढा भरून
गायीपुढं ठेवायचे. गाय चाटायची, पान्हा सोडायची.
गाय फसते.
तू नाही फसलीस.
ज्या दिवशी माझ्यात नुसता पेंढा होता
त्या दिवशी तू जवळ आली नाहीस.

परवा मुक्रमाबादच्या पुढं टायर बसलं.
घरी यायला साडेसात.
कौसाबाई दारातच, कावलंय लेकरू, घास घेईना.
तू माझ्याकडं आली नाहीस.
वाटी फेकलीस. येसर भिंतीवर, देवाच्या फोटोवर.
आणि मग रडलीस.
लाल होऊन, श्वास कोंडून, पहिल्यांदा,
सहा चाळीस! सहा चाळीस!
घड्याळ वाचता येत नाही तुला.

मी तिथंच येसरात बसले.
चुकलं माझं, म्हणलं. उशीर झाला.
पुसलं काहीच नाही.

सोमवारी डॉक्टरीणबाई विचारतील, काही फरक?
सांगीन,
वाटीला पोचा पडला.