दुसरी हवा

मोठा डबा माझ्या पुतणीच्या बाळाचा, दूध पावडरीचा.
धाकटा रसगुल्ल्याचा, गैबूची मुमताज
तलाठ्याची परीक्षा पास झाली तेव्हाचा.
वरची कडी मिसळवाल्याकडच्या टोमॅटोच्या डब्याची,
दोन बोटं ठेवून कापलेली.
एवढंच साहित्य. बाकी सगळी भोकं.

सोमवार. उद्यमनगर बंद.
शटरं खाली, गल्लीत ऑइलचा वास तेवढा कामावर.
माझ्या लेथच्या शेडबाहेर कट्ट्यावर बसून
गैबू जमादार रसगुल्ल्याच्या डब्यात
वाळू ठोकून भरतोय.
मोल्डिंगची काळी वाळू, काकवीत मळलेली.
"मोकळ्या डब्यावर खिळा मारलास की चेपतोय, आण्णाप्पा.
पोटात कायतरी पायजे."

बत्तीस वर्षं हा माणूस भट्टीपुढं उभा होता.
कोक, चुनखडी, भंगार, पुन्हा कोक.
निळ्या काचेतनं लोखंडाचा रंग बघायचा
आणि सांगायचा, सोड.
मग कंपनीनं विजेची भट्टी आणली.
तिच्या अंगावरच आकडा दिसतो.
आता तो नातवाला शाळेत सोडतो
आणि येताना, काही काम नसताना,
भंगारवाल्याकडं थांबतो.

मोठ्या डब्याला बुडाशी भोकं, हवा तिथनं आत.
दोन डब्यांच्या फटीतनं ती वर चढणार, तापत तापत,
धाकट्याच्या गळ्याशी पुन्हा भोकं, चोवीस,
तिथनं धुरावर पडणार.
"धूर म्हंजे काय रं? जळायचं राहिलेलं लाकूड.
त्याला दुसरी हवा कुणी दिली न्हाई, म्हणून धूर."

पहिला डबा वाया गेला.
मी, शंभरावा भाग मिलिमीटरसाठी भांडणारा,
पत्र्याच्या कात्रीपुढं अडाणी निघालो.
मग गल्लीत फिरून वाटलेले रसगुल्ले परत मागायची वेळ.
एका घरी डब्यात कपड्यांचे चिमटे होते.
एका घरी तुळस लावलेली.
शिंप्याच्या आनंदीबाईंनी बटणं वर्तमानपत्रावर ओतली
आणि डबा दिला. वर विचारलं,
"एवढी मोठी माणसं, भातुकली मांडताय?"
तो बसला. थाप मारून, गच्च.

मसाईच्या पठारावर वारा असा
की काडीपेटी अर्धी संपली.
करवंदीच्या काटक्या, गोवरीचा तुकडा,
आणि आधी नुसता धूर. डोळ्यांत, मफलरीत, बिस्किटांत.
मी म्हटलं, थर्मासच आणायला हवा होता.
गैबू उकिडवा बसलेला. बोलला नाही.

मग धूर दिसेना.
गेला नव्हता. पेटला होता.
चोवीस भोकांतनं चोवीस ज्योती
आत वाकून बघत होत्या,
जेवायला बसलेल्या पोरांसारख्या, मधल्या पातेल्यात.

मी भांडं ठेवायला पुढं झालो.
"थांब."
त्यानं हात आडवा धरला. तसाच,
लॅडल घेऊन आलेल्या पोरांना थांबवायचा तसा.
डोळे बारीक, निळी काच नसताना.
"तांबडाय अजून. पिवळा होऊ दे."
चहाच करायचाय, गैबू.
"व्हय. तरी बी."

किती वेळ गेला, मी मोजला नाही.
भांडं चढलं, पाण्याला कड आला,
पुडी फोडून मी तसाच बसलो,
त्याच्या तोंडाकडं बघत.

"सोड," तो म्हणाला.

मी चहा सोडला.

परतीला पन्हाळ्यावरनं एसटी.
भट्टी पेपरात गुंडाळून त्याच्या मांडीवर, अजून कोमट.
काजळी पांढऱ्या लेंग्याला लागत होती,
बघत होतो, पण सांगितलं नाही.
कंडक्टर आला. गैबूच्या दाढीकडं बघून म्हणाला,
"मामा, हाफ न्हवं?"
"न्हाई. फुल्ल फाड.
कामावनं यालोय."