बोलत राहा

क्वेव्रीचं तोंड एवढंच,
की त्यातून आठ वर्षांचं पोर जाईल
किंवा उपाशी मांजर.
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला मातीचा रांजण,
आत गेल्या सालच्या द्राक्षांचा आंबूस काळोख.
बापाने काखेत हात घालून मला खाली सोडलं,
चेरीच्या सालीचा कुंचा दिला,
म्हणाला, घास. आणि बोलत राहा.
काय बोलू?
काहीही. पाढे म्हण. शिव्या दे.
थांबायचं नाही फक्त.

का, ते सांगितलं नाही.
शेजारच्या गोचाचा भाऊ असाच आत घासता घासता गप्प झाला होता
आणि वरच्यांना वाटलं, पोरगं मन लावून काम करतंय,
हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मी साताचा पाढा घेतला.
सात सक्कं.
सात सक्कं...
वर धपकन गुडघे टेकल्याचा आवाज,
आणि गोल आभाळ झाकून त्याचं डोकं :
दोन विसा आणि दोन!
आमच्याकडे असंच मोजतात, विसांत.
त्याचा आवाज भिंतींवर आपटत फिरला, माझ्याभोवती,
वरून खाली, खालून वर.
एवढं मोठ्याने तो माझ्याशी परत कधी बोलला नाही.

तेराव्या वर्षी माझे खांदे अडकले.
तो हसला, पाठीवर थाप मारली,
आणि गोचाच्या पुतण्याला बोलावून आणलं.
मी अक्रोडाखाली बसून ऐकत होतो
बाप दुसऱ्याच्या पोराला सांगतोय, बोलत राहा.
ते पोर गात होतं. बेसूर.
मी मनातल्या मनात म्हटलं, गप्प हो.
मग घाबरून कान देऊन बसलो,
ते परत गाईपर्यंत.

पुढे मी ग्दान्स्कला गेलो, जहाजांचे पत्रे जोडायला.
वेली तुझ्या तूच सांभाळ, असं म्हणून गेलो.
रविवारी आई फोन त्याच्या कानाला लावायची.
मी गप्प.
तो गप्प.
मिनिटाचे पैसे पडत होते.
कधी म्हणायचा, गारा पडल्या.
कधी तेही नाही, नुसतं नाकातून येणारं जाणारं.
अकरा वर्षं मी त्याचा श्वास विकत घेत होतो
आणि घड्याळाकडे बघत होतो.

आता त्याची उजवी बाजू गेलीय, आणि शब्द.
कुतैसीची डॉक्टरीण म्हणाली,
मोजणं आणि शिव्या मात्र राहतात बऱ्याचदा.
ते कुठे दुसरीकडेच ठेवलेलं असतं म्हणे.
माझं नाव नाही राहिलं.
इमेदा. म्हणजे उमेद.
त्यानेच ठेवलेलं. तो ‘इ’पर्यंत येतो
आणि मग खिडकीकडे बघतो.

शनिवारी त्याला टबात उतरवतो.
काखेत हात घालून.
किती हलका झालाय मालखाझ,
ज्याच्या हाकेने डोंगरापलीकडच्या म्हशी वळायच्या.
आता क्वेव्रीत सहज मावेल.
पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी,
मी स्पंज फिरवतो, गोल, कडेकडेने, आणि तळाशी जोर लावून,
जसं त्याने शिकवलं होतं.
बाहेर अंगणात माझा मुलगा
रिकाम्या रांजणात तोंड घालून पोलिश भाषेत हाका मारतोय,
आणि प्रतिध्वनी आला की खिदळतोय.
मी त्याचे खांदे मोजायचं टाळतो.

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले.
पाणी हलत नाही.
मी म्हणतो, बोल काहीतरी.
सात एकं, म्हणतो मी.
तो पकडतो. पुढे जातो. हळू, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून.
सात पंचं झालं.
सात सक्कं.
सात सक्कं...

मी गुडघ्यांवर येतो, वाकतो,
दिवा माझ्या डोक्याआड जातो,
माझी सावली त्याच्या तोंडावर.
दोन विसा आणि दोन, मी ओरडतो,
न्हाणीघर घुमतं.

तो डोळे उघडतो
आणि मला शिवी देतो.
अख्खी, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता.
हां, म्हणतो मी.
पुढे. सात सत्तं.