न

आल्त्येच्या दुकानावरची पाटी माझ्याच हातची,
हार्लिंगेनच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावघराला लागून.
निळ्या फळीवर पिवळी अक्षरं: पानेकूक.
खाली काकवीचा बुधला, तोही माझाच,
जरा पोट सुटलेला.
फळी रेम्कोनं मापून कापली होती,
अक्षरांना बोटभरही जागा जास्त नाही.
नवरा चिकट होता तिचा, देव त्याचं भलं करो.

मग एका मंगळवारी शाळेच्या बाउकेबाई आल्या,
काखेत कोश, नवी आवृत्ती, डिंकाचा वास अजून न गेलेली.
म्हणाल्या, आता मध्ये एक न लागतो.
बोलताना? आल्त्येनं विचारलं.
बोलताना नाही. लिहिताना.
का?
तवा शब्दाचं अनेकवचन धरायचं, असा नियम झालाय.
आल्त्येनं मागे वळून पाहिलं.
शेगडीवर एकच तवा, सासूच्या वेळचा,
एका अंगानं जास्त तापणारा.
मी गुण कापले की पोरं तुमच्या पाटीकडे बोट दाखवतात,
बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज थोडा फाटला.

मी शिडी लावली, पट्टी धरली.
न नीट बसवायचा तर सगळंच पुसायला हवं, बुधल्यासकट.
म्हटलं, थांबा, आधी विचारतो.
कोशवाल्यांना पत्र टाकलं.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं, शाईनं लिहिलेलं,
कुणी फेन्ना ड्रेइस्मा म्हणून होत्या:
नियम करणारे वेगळे, अहो, ते आमच्या माडीवरही बसत नाहीत.
लोक काय लिहितात ते मी चिठ्ठ्यांवर टिपते.
दोन उन्हाळ्यांमागे तुमच्या धक्क्यावर आले होते,
तुमची पाटी माझ्या खोक्यात आहे.
ता.क. बुधला आवडला.

म्हणजे मी कोशाकडे बघत रंगवायचं
आणि कोशानं माझ्या शिडीखाली उभं राहून टिपायचं.
माझ्या आजोबांनी आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलं,
गलबताच्या वहीत, चर्चमध्ये, कर्जखतावर.
सावकाराला तिन्ही बरोबर वाटली.

रविवारी दुकान बंद असताना गेलो.
दोन अक्षरांच्या फटीत न काढला,
उभा, बारीक, पोट आत घेतलेला,
निळ्यावर निळा.
दिवसा काही कळत नाही.
रात्री साडेआठला ऊन पाण्यावरून आडवं येतं
तेव्हा रंगाची कड तेवढी चमकते, तीही फार वेळ नाही.
बिल कशाचं करू ते मला अजून सुचलेलं नाही.

बाउकेबाई आल्या, हनुवटीला काकवी,
मान वर करून बराच वेळ उभ्या.
आहे?
आहे.
दिसत तर नाही.
ऐकू तरी कुठे येतो, मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत.
खिडकीकडे वळून त्यांनी आणखी एक मागितला.
मी कान देऊन ऐकलं.