खिळ्यावरची रोटी

सोमवारचं नाव मिरवणाऱ्या या दुशान्बे शहरात
आमचं नाटक असतं गुरुवारी.
तीन वाजता मी बाजारातून एक रोटी आणते,
तिळाची, मधोमध ठसा उठवलेली,
रुमालात, पालथी होऊ न देता.
पालथी रोटी म्हणजे घरावर अरिष्ट,
आणि नाटकातल्या घरावर ते
पहिल्या अंकापासून आहेच.

माझं काम सामानाचं.
पहिल्या अंकाला समोवार, गालिचा, अकरा उशा,
बापाची पुस्तकं, पुठ्ठ्याचा पियानो.
दुसऱ्याला पियानो नाही.
तिसऱ्याला दारही नाही, शेगडीत गेलं.
काळोखात मी आणि सफर
नमद्याचे बूट घालून एकेक वस्तू उचलतो.
प्रेक्षकांना वाटतं, युद्धाने नेली.

रोटी तेवढी टिकते.
थोरला एका बाजूच्या रणगाड्यावर बसून गेलेला,
धाकटा दुसऱ्या बाजूला, डोंगरात निघालेला.
आई रोटी पुढे धरते :
एक घास तोड, उरलेली टांगून ठेवते,
येशील तेव्हा संपवशील.
बख्तोवर चावा घेतो. हल्ली जरा मोठाच घेतो,
तीन महिने पगार नाही.

चौथ्या अंकात नुसती भिंत, खिळा, रोटी.
आई झालेली मुअत्तर स्टुलावर चढते.
तालमीत नोदिर म्हणाला होता, पटेल हे?
मुलाची वाट बघणारी रोटी
आई खाईल?
सगळे तावातावाने बोलले.
मी उशा मोजत होते.

सियोवुशचा चावा उजव्या अंगाला होता,
समोरचा दात तुटका, म्हणून मध्ये
एक छोटा उंचवटा राहिलेला.
ब्याण्णवचा ऑक्टोबर. मी अकरा वर्षांची.
जानेवारीत पीठ संपलं, मग कोंडा,
मग शेजारीण दार उघडेनाशी झाली.
एका रात्री मी खुर्चीवर चढले.
फक्त चाव्याच्या कडेचा तुकडा,
म्हणजे दादाने मोठा घास घेतला असं दिसेल.
पहिल्यांदा तो उंचवटा गेला.
आठवड्याने खिळ्यावर नुसता दोरा.
मी तर एवढी खाल्ली नव्हती.
आई म्हणाली, उंदीर.
आमच्या गल्लीत तेव्हा
उंदीर उरले नव्हते.

काल तिला नाटकाला आणलं.
तिसरी रांग, कडेची खुर्ची, कोट अंगातच.
मी विंगेतून तिलाच बघत होते.
मुअत्तरने रोटी काढली, चहात बुडवली, खाल्ली.
कुणीतरी हुंदका दिला. आईने नाही.
ती चष्मा पुसून पुढे वाकून बघत होती,
शेजारणीचं शिवणकाम बघावं तशी.

ट्रॉलीबसमध्ये चार थांबे गप्प.
मग म्हणाली, त्या बाईला सांग,
टांगलेली रोटी अशी झटकन भिजत नाही.
दोन रात्री पाण्यात ठेवावी लागते.
आणि ठसा फार कडक, तो शेवटी.

मी विचारलं, दोन रात्री?

खिडकीवर साचलेली वाफ
ती बोटाने पुसत राहिली.
मीठ असेल घरात, म्हणाली,
तर एक.