नकाराचं चित्र

बोर्डाच्या सभेत काल पुन्हा जुंपली.
एक बाजू म्हणाली, आधी ध्वनी, मग शब्द, मग वाक्य,
विटेवर वीट.
दुसरी म्हणाली, मुलं काय गवंडी आहेत?
त्यांना गोष्ट द्या, मांडी द्या, वाचन आपोआप येईल
जसं बोलणं येतं.
पास्टर हॉलिसनी आकडे वाचले. टाळ्या.
मग उलट्या बाजूचे आकडे. त्यांनाही टाळ्या.
मी मागच्या रांगेत, पंख्याखाली,
एकतीस वर्षांची नोकरी मांडीवर घेऊन बसले होते
पर्ससारखी.

बोलले नाही.
सोमवारी कॉर्डेल गेन्स आला होता.

कॉर्डेल. माझ्या पहिल्याच वर्गातला, खिडकीजवळचा.
पुस्तकात लिहिलं होतं 'शिप',
चित्रात पाण्यावर काहीतरी तरंगत होतं,
तो म्हणाला 'बोट',
आणि मी त्याच्या कपाळावर चांदणी चिकटवली.
अर्थ तर लागला ना, म्हणाले.
आम्हाला शिकवलंच होतं तसं:
मूल अडलं की चित्राकडे बघू द्या, मग अंदाज करू द्या.
तो अंदाजात इतका तरबेज झाला
की चौथीपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही.

आता तो कॅटफिशच्या कारखान्यात मासे सोलतो.
मुलीला न्यायला आला तेव्हा
मी त्याच्या हातात शाळेचा कागद दिला.
वर पिवळी बस छापलेली.
त्याने कागद डोळ्यांसमोर धरला,
वाचायला लागतो बरोबर तेवढाच वेळ,
आणि हसून म्हणाला,
"वा, आमच्या रस्त्याला बस येणार तर!"

बसचं चित्र काढता येतं.
'नाही'चं येत नाही.

जुनिया, त्याची, सात वर्षांची.
हिला मी नव्या रीतीने शिकवते,
वरून आदेश आला म्हणून; पहिलं वर्षभर कुरकुरत.
ती कागदावर बोट ठेवून निघाली.
न्. ओ. नो.
"नो बस, डॅडी."
मग त्या लांबलचक शब्दाला भिडली, तुकडे पाडत,
डिस. कन. टिन. यूड.
एक ध्वनी चुकला नाही.
मान वर करून म्हणाली, "म्हणजे काय?"

मी तोंड उघडलं. कॉर्डेल आधी बोलला.
"म्हणजे बंद, बाळा.
आमची दोन नंबरची लाइन केली ना, तसं."

एका कागदाला दोघं लागले.

त्याने त्याची घडी घातली. मग आणखी एक.
"तुम्ही मला चांदणी दिली होती," म्हणाला,
रागाने नाही.
रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

हे मी सभेत सांगायचं होतं का?
कुठल्या बाजूच्या माइकवरून?

आज गुरुवार. त्याची पाळी सुटली,
बाह्यांना अजून तळ्याचा वास.
पहिलीच्या खुर्चीत तो गुडघे छातीशी घेऊन बसलाय
आणि मी फळ्यावर दोन अक्षरं लिहिलीत,
एस, त्याला खेटून एच.
एकटी असली की आपापलं बोलतात,
जोडीने आली की तिसरंच.
"कसं?" तो विचारतो.
मी ओठांवर बोट ठेवते.
वर्गाला गप्प बसवायला आयुष्यभर जो आवाज काढला
तोच, कॉर्डेल.
तिथून सुरू कर.